सोलापुरात राहून सिम्फनी ऑर्केस्ट्राची पितळी वाद्ये शिकायची असतील तर

सोलापुरात ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द उच्चारला की गणेशोत्सवातला किंवा हुतात्मा स्मृती मंदिरातला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो की या लेखात ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा. त्यात साठ ते शंभर वादक असतात, समोर कंडक्टर उभा असतो, निम्म्याहून जास्त मंडळी व्हायोलिनच्या कुळातली वाद्ये वाजवीत असतात आणि अगदी मागच्या रांगांत पितळी वाद्यांचे दहा-अकरा जण बसतात: बहुधा चार फ्रेंच हॉर्न, दोन किंवा तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा. या दहा-अकरांपैकी एक होण्यासाठी काय शिकावे लागते आणि शिकल्यावर पोट कसे भरते, हे मी येथे मांडणार आहे. मी स्वतः काकांच्या बँड पार्टीत कॉर्नेटवर (ट्रम्पेटच्या धाकट्या भावंडावर) वाढलो, पुढे बरीच वर्षे सरकारी बँडमध्ये नोकरी केली आणि आता पूर्वभागात घरीच चार-सहा मुलांना शिकवतो. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर विद्यार्थी म्हणून घरची बँड पार्टी असलेला किंवा शाळेच्या पथकात बिगुल वाजवलेला मुलगा अथवा मुलगी आहे.

अशा मुलांकडे दम असतो, ओठ कणखर झालेले असतात आणि एकदा ऐकलेली चाल उचलण्याइतका कान तयार असतो. ही शिदोरी लहान नाही. तीन गोष्टी मात्र त्यांना नव्याने शिकाव्या लागतात: हळू वाजवणे, कागदावरून वाजवणे आणि आपली वेळ येईपर्यंत गप्प बसणे. तिसरी गोष्ट शिकायला मला स्वतःला सर्वाधिक काळ लागला.

वाद्याची निवड आणि खरेदी

हातात जे वाद्य आहे, त्याच्या जवळचे वाद्य निवडावे. कॉर्नेटवाल्याने ट्रम्पेट घ्यावा. युफोनियमवाल्याने ट्रॉम्बोनचा विचार करावा, कारण दोन्ही वाद्यांच्या नळीची लांबी सारखीच, सुमारे २.७ मीटर असते आणि माउथपीसचा (ओठांना लावायच्या तोंडाचा) आकारही जवळपास सारखा असतो. ओठांना फारसे नवे शिकावे लागत नाही, फक्त उजव्या हाताने व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायची बटणे) सोडून स्लाइडच्या (सरकत्या नळीच्या) सात जागा शिकायच्या असतात. मोठ्या बासवर वाढलेल्याला ट्यूबा सोपा जातो, पण एका ऑर्केस्ट्रात ट्यूबाची खुर्ची एकच असते आणि त्या खुर्चीवरचा माणूस बहुधा निवृत्त होईपर्यंत उठत नाही, हे ध्यानात ठेवावे. फ्रेंच हॉर्नच्या खुर्च्या चार असतात आणि आपल्याकडे तो वाजवणारे फार थोडे आहेत. मात्र तो या चौघांत सर्वांत घसरडा आहे. त्याची नळी सुमारे ३.७ मीटर लांब असून वादक तिच्या वरच्या भागातले सूर वाजवतो, जिथे नैसर्गिक सूर एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे ओठ केसभर चुकला तरी शेजारचाच सूर लागतो. नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलाचे पुढचे पक्के दात आलेले असावेत, म्हणजे नऊ ते अकरा हे वय चांगले. बँडमधून आलेल्याला अठराव्या वर्षीही उशीर झालेला नसतो.

भारतातील बँडची पितळी वाद्ये प्रामुख्याने मेरठच्या जली कोठी भागात तयार होतात. ती रस्त्यावर, उन्हात आणि गर्दीत वाजवण्यासाठी केलेली असतात आणि त्या कामाला ती पुरेशी आहेत. ऑर्केस्ट्राच्या अभ्यासासाठी मात्र नामांकित जपानी किंवा अमेरिकी बनावटीचे विद्यार्थी दर्जाचे जुने वाद्य घेणे, हे त्याच पैशात नवे चकचकीत वाद्य घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. मी एकदा एका विद्यार्थ्यासाठी फोटो पाहूनच ट्रम्पेट मागवला. पेटी उघडली तेव्हा सोनेरी मुलामा डोळे दिपवणारा होता, आणि तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड मात्र जागची हलेना. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबले की ट्रम्पेटचा सूर चढतो आणि तो उतरवण्यासाठी नेमकी हीच स्लाइड डाव्या हाताच्या बोटाने वाजवता वाजवता पुढे सरकवावी लागते. ती जाम असेल तर त्या वाद्यावर खालचा रे सुरात लागणे अवघडच. तेव्हापासून मी दुकानात दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देत नाही. प्रत्येक स्लाइड बोटाने सहज सरकते का, हे पाहतो. मग व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड बोटभर बाहेर ओढतो, क्षणभर थांबतो आणि व्हॉल्व्ह दाबतो. बाटलीचे बूच निघाल्यासारखा ‘पॉक’ आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरून आहे. काहीच आवाज आला नाही तर वाद्य झिजलेले आहे आणि त्यातून फुंक गळते.

नव्या विद्यार्थ्याने ट्रम्पेटला मध्यम आकाराचा माउथपीस वापरावा. ऑर्केस्ट्रातले वादक पुढे अधिक रुंद आणि खोल माउथपीस घेतात, ट्रॉम्बोनवाले १३.९ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे मोठे वाद्य घेतात, पण ते ओठ तयार झाल्यावर. व्हॉल्व्हमध्ये फक्त व्हॉल्व्हचेच तेल घालावे. खोबरेल तेल डिसेंबरच्या पहाटे थिजते आणि ऐन कवायतीच्या वेळी बटण वर येत नाही. महिन्यातून एकदा कोमट पाण्याने वाद्य आतून धुवावे. चिंच-मिठाने घासण्याची आपली घरगुती पद्धत समईला ठीक आहे, वाद्यावरचे लॅकर, म्हणजे चकाकीचा पातळ थर, मात्र तिने जाते.

ओठ आणि फुंक

पितळी वाद्याचा सूर वाद्यात तयार होत नाही, तो ओठांत तयार होतो. ओठांच्या कडा हवेच्या झोताने थरथरतात आणि नळी त्या थरथरीला आकार व मोठेपणा देते. म्हणून उंच सूर लागत नसला की माउथपीस ओठांवर जोराने दाबायचा, ही बँडमध्ये लागलेली सवय सर्वांत आधी मोडावी लागते. दाबल्याने सूर त्या क्षणी लागतो, पण ओठांतला रक्तपुरवठा अडतो, ओठ बधिर होतात आणि वीस मिनिटांनी काहीच उरत नाही. वरातीत ते खपून जाते, कारण ढोल-ताशांच्या आवाजात फाटलेला सूर कोणाला ऐकू येत नाही. ऑर्केस्ट्रात तासभर थांबून एकच सूर हळुवार लावायचा असतो आणि तो फाटला तर सभागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

रोजच्या रियाजाची सुरुवात लांब सुरांनी करावी. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० वर लावावा, मधल्या पट्टीतला एक सूर अगदी हळू सुरू करावा, चार मात्रांत वाढवावा, चार मात्रांत पुन्हा विझवावा. सूर सुरू होताना ‘फुस्स’ असा हवेचा आवाज आला किंवा शेवटी सूर थरथरून तुटला, तर तोच पुन्हा घ्यावा. त्यानंतर व्हॉल्व्ह न हलवता केवळ ओठांनी एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचे लिप स्लर, मग जिभेचे ‘तू-तू’ आणि ‘दू-दू’ असे फटकारे, मग सर्व पट्ट्यांमधले आरोह-अवरोह. ट्रम्पेट व कॉर्नेटसाठी पॅरिसच्या आर्बन या शिक्षकाने १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेली अभ्यासपद्धती आजही जगभर वापरली जाते आणि तिची प्रत इंटरनेटवर मोफत मिळते. हॉर्नसाठी कोप्राशचे अभ्यास तेच काम करतात.

नवशिक्याने एका वेळी दहा-पंधरा मिनिटेच वाजवावे, दिवसातून तीन-चार वेळा. पुढे एकूण वेळ दीड-दोन तासांपर्यंत न्यावा, पण जितका वेळ वाजवले तितका वेळ वाद्य मांडीवर ठेवून बसावे, हा नियम कधीही मोडू नये. व्हायोलिन वाजवणारा सहा तास रियाज करतो, हे ऐकून आपणही तसे करायला गेलेली मुले मी पाहिली आहेत. ओठ हा स्नायू आहे, तो सुजला की आठवडा जातो.

दोन स्थानिक गोष्टी. जुन्या चाळींत आणि दाटीच्या पेठांत घरी वाजवणे शक्य नसते, म्हणून मुले पहाटे मैदानावर जातात. मोकळ्या मैदानात आवाज परत येत नाही, त्यामुळे कान फसतो आणि मुलगा नकळत जोर लावतो. मैदानाच्या कडेला भिंत शोधावी, तिच्याकडे तोंड करून आठ-दहा फुटांवर उभे राहावे. स्वतःचा सूर स्वतःला ऐकू येतो. दुसरी गोष्ट मावा. त्यातल्या सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडणेच कमी होते. ज्याची रोजीरोटी ओठ-गालांवर आहे त्याने मावा खाणे म्हणजे सुताराने आपलीच पटाशी दगडावर आपटणे होय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी तोंड उघडायला सांगतो, ते काही केवळ दात पाहण्यासाठी नव्हे.

सूर: हार्मोनियमचा आणि नळीचा

आपल्या मुलांना पाश्चात्त्य पद्धतीची सुरांची नावे परकी वाटतात, म्हणून मी हार्मोनियमच्या पट्टीने शिकवतो. नेहमीच्या ट्रम्पेटवर एकही व्हॉल्व्ह न दाबता जो सूर कागदावर ‘सी’ म्हणून लिहिलेला असतो, तो प्रत्यक्षात काळी पाचमध्ये वाजतो. फ्रेंच हॉर्नचा ‘सी’ पांढरी चारमध्ये वाजतो. ट्रॉम्बोनची नळी काळी पाचची असली तरी त्याचे कागद मात्र प्रत्यक्ष सुरातच लिहिलेले असतात. गायकाची पट्टी बदलली की पेटीवाला न अडखळता बोटे सरकवतो. ऑर्केस्ट्रातल्या ट्रम्पेट आणि हॉर्नवाल्यालाही तेच करावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १८१४च्या सुमारास, जर्मनीत व्हॉल्व्हचा शोध लागण्यापूर्वी प्रत्येक पट्टीसाठी वेगळ्या लांबीची नळी जोडत असत, आणि त्या काळातल्या रचनांचे कागद आजही त्या-त्या पट्टीतच छापलेले मिळतात. समोर एका पट्टीचा कागद आणि हातात दुसऱ्या पट्टीचे वाद्य, अशा स्थितीत पाहता पाहता बदल करून वाजवणे हे कौशल्य नव्हे, ती किमान अट आहे.

मोबाइलवरचा तानपुरा काळी पाचवर लावावा आणि लांब सूर त्याच्यावर घ्यावेत. व्हॉल्व्ह न दाबता ट्रम्पेटवर खालून वर जे सूर मिळतात ते सा, प, सां, गं, पं असे. शाळेच्या बिगुलावर वाजतात ते हेच. यातला गंधार नीट ऐकावा. नळीतून निसर्गतः येणारा हा गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने उतरता असतो (हार्मोनियमवर शेजारच्या दोन स्वरांत १०० सेंटचे अंतर असते). हार्मोनियमशी तुलना करणारा म्हणेल की वाद्य बेसूर आहे. तानपुऱ्यावर ऐकणारा म्हणेल की हाच खरा शुद्ध गंधार. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि ऑर्केस्ट्रातल्या पितळी वादकाला दोघांचेही ऐकावे लागते. तीन ट्रॉम्बोन मिळून सा-ग-प असा मेळ धरतात तेव्हा ज्याच्याकडे गंधार आहे त्याने तो १४ सेंट खाली, कोमल गंधार असेल तर सुमारे १६ सेंट वर आणि ज्याच्याकडे पंचम आहे त्याने तो २ सेंट वर धरला की मेळ एकदम घट्ट होतो, जणू चौथे वाद्य सुरू झाले. पण तोच सूर पुढच्या मेळात षड्ज झाला तर त्याला वर घ्यावे लागते. म्हणजे सूर लावण्याआधी ‘आत्ता मी कोण आहे’ हे ठाऊक असले पाहिजे. हिंदुस्थानी गाणे ऐकत वाढलेल्या मुलाला हे एकदा दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही. या एका बाबतीत तो पियानोवर वाढलेल्या मुलाच्या पुढे असतो, असे माझे ठाम मत आहे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार गेला की नळीतली हवा तापून सूर चढतो. मुख्य ट्यूनिंग स्लाइड नेहमीपेक्षा बाहेर काढावी लागते. वातानुकूलित सभागृहात गेल्यावर उलटे होते. त्यामुळे स्लाइडवर पेनने खूण करून ठेवणे निरर्थक आहे, दर वेळी कानानेच मिळवावे.

कागद वाचणे आणि गप्प बसणे

बँडमध्ये मास्तर चाल म्हणून दाखवतात आणि पोरे उचलतात. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकण्याचा मला सापडलेला सोपा मार्ग असा की जी चाल शंभर वेळा वाजवली आहे तीच कागदावर उतरवावी. वरातीतली एखादी पाठ चाल घ्यावी, टाळी देत मात्रा मोजाव्यात, मापाच्या (ठरावीक मात्रांच्या एकेका गटाच्या) उभ्या रेघा आधी आखाव्यात आणि मग सूर भरावेत. दहा चाली अशा लिहून झाल्या की अनोळखी कागद परका वाटत नाही. त्यानंतर रोज एक न पाहिलेला कागद, कितीही सोपा, न थांबता वाजवावा. चूक झाली तरी मागे जायचे नाही, कारण ऑर्केस्ट्रा तुमच्यासाठी मागे येत नाही.

आता गप्प बसण्याविषयी. पहिल्यांदा मोठ्या संयुक्त बँडच्या सरावाला बसलो तेव्हा माझ्या कागदावर एक जाड आडवी रेघ आणि तिच्या डोक्यावर ४७ हा आकडा होता. सत्तेचाळीस मापे काही वाजवायचे नाही आणि अठ्ठेचाळिसाव्याला प्रवेश. मी बोटांवर मोजत होतो, मध्येच शेजारच्या क्लॅरोनेटची चाल ऐकण्यात रमलो आणि एक माप आधी, पूर्ण ताकदीने, एकटाच वाजलो. बँडमास्तरांनी काठी खाली ठेवली, घड्याळ पाहिले आणि शांतपणे विचारले, “गाडी लवकर सुटते का तुमची?” त्या दिवसापासून मी मापाचा आकडा पहिल्या मात्रेवर ठेवून मोजतो: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. शिवाय कागदावर पेन्सिलीने खुणा करतो: वीस मापांनंतर ढोल, पस्तिसाव्याला बासरी. खूण चुकली तर मोजणी चुकली आहे, हे प्रवेशाच्या आधीच कळते.

ऑर्केस्ट्रात हे किती टोकाला जाते ते सांगतो. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीत तिन्ही ट्रॉम्बोन पहिले तीन भाग नुसते बसून असतात. चौथ्या भागात त्यांचा प्रवेश होतो तो अत्यंत हळू, उघड्यावर पडलेल्या मेळाने. अर्ध्या तासाहून अधिक काळ थंड झालेले ओठ आणि थंड झालेले पितळ घेऊन तो मेळ सुरात लावायचा. ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीत ट्यूबाला केवळ संथ गतीच्या दुसऱ्या भागात जेमतेम १४ सूर आहेत. अशा रचनांचे कागद आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ध्वनिमुद्रण लावावे, कागद समोर ठेवावा, वाद्य मांडीवर घ्यावे, सर्व विश्रांती मोजावी आणि आपल्या जागी वाजवावे. पहिल्या प्रयत्नात मुलांना हसू येते. तिसऱ्या प्रयत्नात घाम येतो.

शिक्षक आणि परीक्षा

सोलापुरात ऑर्केस्ट्राचा अनुभव असलेला पितळी वाद्यांचा शिक्षक शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा दोन प्रकारचे गुरू करावेत. इथला एखादा निवृत्त पोलीस किंवा लष्करी बँडमधला वादक रोजची शिस्त लावण्यासाठी, आणि मुंबई-पुण्यातला किंवा बाहेरदेशीचा प्रशिक्षित शिक्षक महिन्यातून एक-दोनदा सुधारणेसाठी. व्हिडिओवरून शिकवणी होते, पण आवाजाचा पोत मोबाइलच्या माइकमध्ये मरतो. म्हणून तीन महिन्यांतून एकदा तरी समोर बसून वाजवावे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून दिवसभर मुंबईत शिकायचे आणि त्याच रात्री परतायचे, हे माझे विद्यार्थी करतात. अशा फेरीत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम गाठता आला तर सोन्याहून पिवळे.

ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या आठ श्रेणींच्या परीक्षा भारतात देता येतात, आणि व्हिडिओ मुद्रित करून घरबसल्या देण्याची सोयही झाली आहे. एबीआरएसएममध्ये सहावी श्रेणी आणि त्यापुढे जाण्यासाठी पाचव्या श्रेणीची थिअरी आधी उत्तीर्ण व्हावी लागते. प्रमाणपत्राला ऑर्केस्ट्राच्या नोकरीत काहीही किंमत नाही. तरीही मी मुलांना परीक्षेला बसवतो, कारण ठरावीक तारखेला ठरावीक कागद निर्दोष वाजवण्याची सवय दुसऱ्या कशाने लागत नाही.

पोट कशावर भरणार

इथे पालकांना मी नेहमी सरळ आकडा सांगतो. भारतात व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकच आहे, २००६ मध्ये मुंबईत स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, आणि त्यातही परदेशी वादकांचा भरणा मोठा आहे. १९६२ पासून चालू असलेला बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा हौशी वादकांचा आहे. अनुभवासाठी उत्तम, पगारासाठी नव्हे. एके काळी गोव्याहून आलेल्या, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात पितळी वाद्यांवर संसार चालवले, पण सिंथेसायझर आणि संगणक आल्यावर ते कामही आटले.

म्हणून माझा सल्ला असा की आधी सरकारी बँडची नोकरी आणि तिच्या आधाराने पुढचे शिक्षण. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या जाहिरातीत बँड्समनची पदे स्वतंत्र असतात. शारीरिक चाचणी चुकत नाही, त्यामुळे धावण्याचा सराव वाद्याइतकाच करावा. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० तर आपल्याच सोरेगावला आहे. लष्करी बँडच्या वादकांचे प्रशिक्षण मध्य प्रदेशातील पचमढी येथे होते. तिथली शिस्त आणि नोटेशनचा पाया भक्कम आहे. नौदल आणि हवाई दल अग्निवीर योजनेत संगीतकारांची भरती दहावीच्या पात्रतेवर करतात. ही नोकरी चार वर्षांची असते आणि पुढे फार तर चौथा हिस्सा कायम होतो, हे अर्ज भरताना विसरू नये. वयाच्या मर्यादा बदलत असतात, त्या चालू जाहिरातीतच पाहाव्यात.

परदेशाचा विचार करायचा तर जर्मनीपासून सुरुवात करावी, कारण तिथे सार्वजनिक पैशावर चालणारे सुमारे १३० ऑर्केस्ट्रा आहेत आणि बहुतेक राज्यांतील सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम अडकवून ठेवावी लागते (२०२४च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे), भारतीय विद्यार्थ्याला शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे एपीएस प्रमाणपत्र लागते आणि जर्मन भाषा आलीच पाहिजे. तिथले ट्रम्पेटही वेगळे, आडवे धरायचे आणि फिरत्या व्हॉल्व्हचे असतात. इंग्लंडच्या संगीत महाविद्यालयांचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याचे वर्ष वाया गेलेले असते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाची कर्टिस संस्था १९२८ पासून शिकवणी शुल्क घेत नाही, पण तिथे एका वाद्याच्या जागा इतक्या थोड्या असतात की एखाद्या वर्षी आपल्या वाद्याची जागाच नसते.

ऑडिशन

जागा निघाली की ऑर्केस्ट्रा एक यादी पाठवतो: एका कॉन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेचा) पहिला भाग आणि प्रसिद्ध रचनांमधले आठ-दहा अवघड तुकडे. ट्रम्पेटला बहुधा हायडनचा १७९६ मधला कॉन्चेर्टो, हॉर्नला मोझार्टचा, ट्रॉम्बोनला फर्डिनांड डेव्हिडचा आणि ट्यूबाला व्हॉन विल्यम्सचा. तुकड्यांमध्ये ट्रम्पेटला माहलरच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात आणि ट्रॉम्बोनला राव्हेलच्या ‘बोलेरो’मधला एकल भाग जवळपास ठरलेलाच. पहिली फेरी दहा मिनिटांची असते आणि पुष्कळ ठिकाणी वादक पडद्याआड वाजवतो. या पडद्याचे महत्त्व मुलींनी समजून घ्यावे. १९८० मध्ये म्यूनिकच्या ऑर्केस्ट्राने पडद्यामागून तेहतीस जणांना ऐकून सर्वोत्तम ट्रॉम्बोनवादक निवडला; पडदा दूर झाला तेव्हा ती ॲबी कोनंट नावाची स्त्री निघाली, आणि मिळालेली मुख्य वादकाची खुर्ची टिकवण्यासाठी तिला पुढे दहा-अकरा वर्षे न्यायालयात भांडावे लागले. बर्लिन फिलहार्मोनिकच्या पितळी विभागात पहिली स्त्री, हॉर्नवादक सारा विलिस, आली तीही २००१ मध्ये.

तयारी करताना प्रत्येक तुकडा रोज एकदाच, थंड ओठांनी, मोबाइलवर मुद्रित करून वाजवावा. पाचव्या प्रयत्नात चांगला वाजला, याला अर्थ नाही. ऑडिशनमध्ये पाचवा प्रयत्न नसतो. दुसऱ्या दिवशी ते मुद्रण लय आणि सूर यांसाठी परक्या माणसासारखे ऐकावे. निवड झाल्यावरही परीक्षा संपत नाही: जर्मनीत साधारण वर्षभराचा चाचणीकाळ असतो आणि शेवटी सहकारी वादक मतदान करतात.

लग्नसराईत काय करावे

शेवटचा प्रश्न मला दरवर्षी तुळशीच्या लग्नानंतर विचारला जातो: वरातीच्या सुपाऱ्या घ्यायच्या की रियाज सांभाळायचा? घर त्या पैशावर चालत असेल तर सुपारी सोडा, असे मी कधीच सांगणार नाही. वरातीत दोन-अडीच तासांनंतर ओठ जड वाटू लागले की खालच्या पट्टीतला भाग दुसऱ्याशी बदलून घ्यावा. मास्तर समजूतदार असेल तर ऐकतो. शेजारी डॉल्बी असेल तर कानांत बोळे घालावेत. ८५ डेसिबलच्या वर रोज तासन्‌तास राहिलेला कान हळूहळू उंच सूर गमावतो आणि ते परत येत नाहीत. वरातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीन तुकडे आणि सर्व पट्ट्या वाजवण्याचा हट्ट धरू नये. चेहरा धुवावा, तोंड स्वच्छ करावे, तानपुरा काळी पाचवर लावावा आणि फक्त मधल्या पट्टीतले लांब सूर, ऐकू येतील न येतील इतके हळू, पंधरा मिनिटे घ्यावेत. मग वाद्यातले पाणी काढून ते पेटीत ठेवावे आणि उरलेला वेळ कागद पुढ्यात घेऊन, वाद्याशिवाय, मापे मोजण्यात घालवावा.